बोकडमुळीचा वास

४ फेब्रुवारी

आज नवी मुळी आली. पोती उघडली तेव्हा वास नव्हता. वाळलेली, करडी, बोटाएवढी. हातात घेतली तर लाकूडच. दुपारी भट्टीवाल्याने पहिली भट्टी लावली, मद्यार्क तापला आणि वास सुटला. भिजलेल्या बोकडाचा. त्यात शिळा घाम, आणि तळाशी कुठेतरी आंबलेलं लोणी. पॅकिंगमधल्या दोघी नाकाला रुमाल लावून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

भट्टीवाला म्हणाला, "ताई, पुरुषांचं औषध आहे. वास पुरुषासारखाच येणार."

"सगळ्या पुरुषांना येत नाही असा."

"तुमच्याकडे अत्तर लावत असतील."

तेव्हापासून तिचं नाव बोकडमुळी. खरं नाव कागदावर आहे, ते आता कुणी घेणार नाही.

माझं काम नेहमीचंच आहे. अर्कात जे असायला हवं ते आहे ना, नसायला हवं ते नाही ना, हे बघायचं आणि सही करायची. केसांचं तेल, पोटाचं चूर्ण, खोकल्याचं चाटण, सगळ्यांवर माझी सही आहे. आता यावर होईल. पुरुषाच्या ताठरतेसाठी. साहेबांना हा शब्द उच्चारायला आवडतो. उच्चारतात आणि आम्हा बायकांच्या चेहऱ्यांकडे बघत बसतात.

७ फेब्रुवारी

साबण, लिंबू, व्हिनेगर. काही उपयोग नाही. नखांच्या कडांना वास राहतोच. केसांत तर तो घर करून बसला आहे.

मी दारातून आत आले तर सासूबाई म्हणाल्या, "काय गं, पायाला काही लागलंय का बघ."

"नाही आई. कामाचा वास आहे."

"हे कसलं काम?"

मी सांगितलं नाही. मुळीचं, म्हटलं.

नवरा जेवत होता. त्याने मान वर केली नाही. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काम करतो, तेव्हा नाक तिखट असणारच. पण काही बोलत नाही. मागच्या वर्षी त्याच्या हृदयात नळी बसवली. तेव्हापासून शर्टाच्या खिशात एक छोटी बाटली असते, छातीत दुखलं तर जिभेखाली धरायच्या गोळ्यांची. आणि तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत झोपतो. म्हणतो, माझ्या खोकल्याने तुझी झोप मोडते. खोकला कधीच गेला.

मी काही विचारत नाही. विचारायला लागतं ते तोंड माझ्याकडे नाही.

११ फेब्रुवारी

अर्क आटवला की डांबरासारखा होतो. काळा, चिकट, तार धरणारा. आज साहेब प्रयोगशाळेत आले, बोट बुडवलं आणि चाटलं. मग तेच बोट पुसायला माझ्या टेबलावरचा कागद घेतला. जिभेचा शेंडा बराच वेळ काळा होता आणि ते बोलत राहिले.

आमच्या कारखान्याचा एक नियम आहे. कुठलंही नवं औषध आधी कामगारांच्या घरी जातं. साहेबांच्या वडिलांपासूनची पद्धत. बाजारात द्यायच्या आधी आपल्या माणसांनी वापरलं पाहिजे. तेलाच्या वेळी सगळ्यांनी बाटल्या घरी नेल्या, चूर्णाच्या वेळी पुड्या. पगाराच्या दिवशी हातात देतात. मला हा नियम आवडत असे.

आज साहेब म्हणाले, "या वेळी बायकांना अवघडायला नको. या वेळचं मी बघतो."

मला हायसं वाटलं. ती बाटली पिशवीत घालून घरी न्यायची, टेबलावर ठेवायची, मग त्याने विचारायचं हे काय. नको. बाटलीवर घोडा छापला आहे. मागच्या पायांवर उभा, तोंडातून फेस.

१५ फेब्रुवारी

साहेबांना नवा चष्मा. सोनेरी काडीचा. माझ्या खोलीच्या दारात उभे राहून दाखवला.

"ओळखा कुठला. तुमच्या यजमानांकडचा. माणूस सज्जन आहे हो. फार बोलत नाही, पण बोलतं केलं मी."

संध्याकाळी त्याला म्हटलं, "आमचे साहेब आले होते का दुकानात?"

"आले होते. नंबर काढला."

"काय म्हणत होते?"

"बडबड्या माणूस आहे." तो हात धुवायला उठला. ताटात भाजी तशीच होती.

साहेबांनी त्याच्याशीही तेच बोलणं काढलं असेल, त्याच शब्दांत, तसंच चेहऱ्याकडे बघत. मला लाज वाटली. माझ्यामुळे त्याला ते ऐकावं लागलं.

२२ फेब्रुवारी

चाचणीचा डॉक्टर आला. आम्ही त्याला हसरा म्हणतो. काहीही सांगताना हसतो. त्याच्या दवाखान्यात काही पुरुष बोकडमुळीची कॅप्सूल घेतात, काही रिकामी घेतात. कोण काय घेतो ते त्यांना माहीत नाही. मग ते प्रश्नांची उत्तरं देतात. हसऱ्याने उत्तरांतली वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली. साहेब मांडीवर थापा मारत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. ती वाक्यं कुणाची तरी होती. कुणीतरी ती पेन हातात धरून, खाली मान घालून लिहिली असतील.

एवढं कळलं की रिकामीवाले आणि भरलेलीवाले सारखेच. मुळी काही करत नाही. केलंच तर थोडी झोप लावते.

"एक गोष्ट मात्र नक्की होते," हसरा म्हणाला. "वास. पोटात गेली की घामातून बाहेर येते. बायका तक्रार करतात. उशीला येतो, शर्टाच्या कॉलरला येतो. मला न विचारता सांगता येतं कुणाची कॅप्सूल भरलेली आहे. अंधचाचणी, पण नाक उघडं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मुळीसाठी बरंच काही गहाण टाकलं आहे असं भट्टीवाला म्हणतो.

मला त्या बायकांचं वाईट वाटलं. माझ्या अंगाला नुसता वरून लागतो तरी मला जगणं नको झालंय. त्यांच्या शेजारी तो आतून येतो.

२७ फेब्रुवारी

तो हल्ली तोंडात लवंग धरतो. सतत. घरी आला की लवंग, जेवण झालं की लवंग. आधी कधी सवय नव्हती. माझ्या वासावर उपाय असणार. मला सांगून दुखवण्यापेक्षा स्वतःचं तोंड बधिर करून घेतो. इतका चांगुलपणा मला सहन होत नाही. त्यापेक्षा त्याने म्हणावं, तू घाण वास मारतेस.

आज मी दोनदा अंघोळ केली. पाठ घासताना कातडं निघालं.

२ मार्च

सासूबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. मग कपाटामागे बघितलं, उंदीर मेला आहे का म्हणून.

"आई, माझाच वास आहे. किती वेळा सांगू?"

"तू कामावर गेलीस तरी येतो."

"मग मी काय घर सोडून जाऊ?"

"मी तसं म्हटलं का? येतो तर येतो म्हटलं."

त्यांचं बोलणं असंच. तू नसलीस तरी तुझी घाण मागे राहते. मी चादरी उचलल्या आणि भिजत टाकल्या. त्याचीही चादर टाकली. तिला सगळ्यात जास्त वास होता. माझ्या हातांनी घड्या घालते म्हणून असेल.

९ मार्च

नवी खेप आली आहे. "सुधारित." अर्क आमच्याच भट्टीतला, पण कॅप्सूल भरायला बाहेर कुठेतरी पाठवला होता, तिथून भरून आल्या. साहेब म्हणाले, मुळीच आहे, फक्त प्रक्रिया वेगळी. माझ्याकडे नमुना पाठवला नाही. मीच मागून घेतला.

हसऱ्याचा फोन आला, त्याच्याकडे ती आधीच पोचली होती. त्याच्या आवाजात हसू मावत नव्हतं. नव्या खेपेने कमाल केली आहे. एका म्हाताऱ्याने त्याचे पाय धरले.

पॅकिंगमध्ये घोडेवाल्या बाटल्या रांगेने उभ्या आहेत. वास तोच.

११ मार्च

लिहू की नको.

काल संध्याकाळी सासूबाई बाहेर गेल्या होत्या. मी कपडे घडी करत होते. तो आला आणि पलंगाच्या कडेला बसला. माझ्या मनगटावर हात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा. त्याचे कान लाल झाले होते, मानही. मी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. तो म्हणाला, "कपडे राहू दे."

त्याच क्षणी वास आला. अगदी जवळून. मला वाटलं, माझ्या अंगाला इतका येतो आणि हा हे सोसून इथे बसला आहे. दिवसभर मी तीच वाक्यं ऐकते, तो घोडा बघते, तो चिकट अर्क ढवळते, आणि आता माझ्याच पलंगावर.

मी हात काढून घेतला. म्हटलं, "नको. मला किळस येते."

मला माझीच, असं म्हणायचं होतं. तेवढं म्हणायच्या आत तो उठला होता. कॉलर नीट केली, आणि लवंग शोधत बाहेर गेला.

१३ मार्च

तो डोळे चोळत होता. म्हणाला, पांढऱ्या वस्तू निळसर दिसतात. दुकानातला अक्षरांचा तक्ता, भिंत, सगळ्यावर निळीचं पाणी फिरवल्यासारखं.

"मोतीबिंदू?"

"मोतीबिंदूत पिवळं दिसतं. नव्या काचांचा लेप खराब असेल." आणि स्वतःचा चष्मा उलटसुलट करून बघत बसला. चष्मा काढला तरी निळंच दिसतं, म्हणाला.

त्या संध्याकाळबद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही. मी सुरुवात करणार होते, पण सासूबाई मधेच येऊन बसल्या.

१६ मार्च

नवी खेप प्लेटवर लावली. प्लेट म्हणजे काच, तिच्यावर पांढरा थर. खालच्या कडेला अर्काचा थेंब ठेवायचा आणि काच द्रवात उभी करायची. द्रव वर चढतो आणि अर्कातला एकेक घटक आपापल्या उंचीवर सोडून जातो. मुळीचे डाग मला पाठ झाले आहेत. फिकट, ओघळलेले, एकमेकांत मिसळलेले. झाडाचं काही स्वच्छ नसतं.

दिव्याखाली धरली. मुळीच्या डागांमध्ये एक गडद, गोल, काठ कापल्यासारखा डाग होता. झाडात असा डाग नसतो. तो कारखान्यात बनतो.

मला संशय आला तो एकाच गोष्टीचा, डॉक्टर ताठरतेसाठी लिहून देतात त्या गोळीचा. खात्री करायला तीच गोळी हवी होती. संध्याकाळी तीन गल्ल्या पलीकडच्या औषधाच्या दुकानात गेले. गोळीचं नाव घेतल्यावर दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, मागे कुणी नव्हतं.

"साहेबांसाठी?"

"प्रयोगशाळेसाठी."

"असं होय," तो म्हणाला आणि आतल्या माणसाला मोठ्याने ओरडून सांगितलं, "अरे, प्रयोगशाळेसाठी काढ एक." आत कुणीतरी फिसकन हसलं. पुडी माझ्या हातात देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा रेंगाळली. सोबत बारीक अक्षरांचा कागद होता. तो मी न वाचता बाहेरच्या कचऱ्यात टाकला. मला त्या वस्तूबद्दल आणखी एक शब्दही नको होता.

१७ मार्च

गोळी कुटली, विरघळवली, अर्काशेजारी लावली. दोन्ही डाग एकाच उंचीवर. सख्खी भावंडं.

१८ मार्च

साहेबांच्या खोलीत गेले. प्लेट त्यांच्या टेबलावर ठेवली. ते दात कोरत होते.

"हे काय बाई?"

"हे मुळीत नसतं. गोळीची पूड मिसळली आहे."

"मिसळली काय. अर्कच आहे. त्याला जरा हात दिला." काडी दुसऱ्या बाजूला गेली. "गोळी लोक खातातच ना? डॉक्टर देतात ना?"

"विचारून देतात. हृदयाच्या रोग्याला देत नाहीत. जिभेखालच्या गोळीवर ही गोळी पडली की रक्तदाब बसतो. माणूस उभ्या उभ्या जातो. आणि असा माणूसच ही बाटली घेणार. डॉक्टरने गोळी नाकारलेला. झाडपाला आहे म्हणून निर्धास्त. माझ्या नवऱ्यासारखा एखादा."

साहेबांच्या तोंडातली काडी थांबली.

"त्यांना हृदयाचं आहे?"

"नळी बसवली आहे मागच्या वर्षी."

"बोलले नाहीत ते," साहेब म्हणाले. मग घाईने, "म्हणजे, तुम्ही कधी बोलला नाहीत." त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. "बरे आहेत ना आता?"

विषय बदलायला माझ्या नवऱ्याची चौकशी. या माणसाला लाज नाही. मी म्हटलं, ते बरे आहेत, आपण खेपेबद्दल बोलू. ते म्हणाले, खेप परत बोलावतो, आजच. आज लवकर घरी जा, म्हणाले. घरच्यांकडे बघा.

१९ मार्च

"तुमचे साहेब आज परत आले होते," तो म्हणाला. "चष्म्याची काडी सैल झाली म्हणून. काडी घट्टच होती."

"मग?"

"मग काही नाही. तब्येत विचारली. गेले."

त्यांना भीती आहे की मी घरी बोलले. आधी माझ्या तोंडाचा अंदाज घ्यायचा, मग त्याच्या. त्याला मी खरंच काही सांगितलं नव्हतं. त्या विषयावरचा एकही शब्द आता मी त्याच्यासमोर उच्चारू शकत नाही. "किळस" हा शब्द आमच्यामध्ये पडला आहे, त्याच्यावर दुसरं काही ठेवता येत नाही.

२१ मार्च

दुकानात त्याला चक्कर आली. छातीत जरा आवळल्यासारखं झालं म्हणून जिभेखाली गोळी धरली, आणि डोळ्यांपुढे अंधार. शेजारच्या शिंप्याने आडवं केलं, पाय वर धरले. मी पोचेपर्यंत तो उठून बसला होता. ओठ पांढरे.

"दुपारी जेवला नव्हतास ना?"

"नव्हतो."

"मग होणारच."

मी दवाखान्यात चल म्हटलं तर चिडला. इतका चिडलेला मी त्याला बघितला नव्हता. शिंपी म्हणाला, "वहिनी, गेल्या आठवड्यात तर कसे ताजेतवाने दिसत होते. गाल लाल." 

२४ मार्च

खेप परत आली नाही. आज पॅकिंगमध्ये नव्या खोक्यांवर पट्ट्या लावल्या जात होत्या आणि ती खोकी बाहेर गाडीत चढत होती. मी साहेबांच्या खोलीत गेले तर ते नव्हते. भट्टीवाला म्हणाला, "ताई, तुम्ही काही बघितलंच नाही असं समजा. आम्ही तसंच समजतो."

राजीनामा लिहिला आणि टेबलावर ठेवला. कारण, घरगुती. त्या माणसांशी आणखी एक वाक्य बोलायची माझी तयारी नव्हती. तक्रार करायची म्हणजे कचेरीत बसून तेच सगळं परत सांगायचं, आणि समोरचा तसाच माझ्या चेहऱ्याकडे बघणार. शिवाय पहिल्या खेपांवर सही माझीच. मी यातून बाहेर पडले, मला तेवढं पुरे.

प्लेट मात्र रुमालात गुंडाळून आणली. का आणली माहीत नाही.

२६ मार्च

घर धुतलं. पडदे, उशांचे अभ्रे, पायपुसणी. कामावरचे कपडे टाकून दिले. केस कापून घेतले. सासूबाई म्हणाल्या, "आजारातून उठल्यासारखी दिसतेस." मला खरंच तसं वाटत होतं. हातांना आता फक्त साबणाचा वास येतो. मी परत परत हुंगून बघते.

आता थोडे दिवस जाऊ देत. मग त्याला सांगेन, त्या दिवशी मला काय म्हणायचं होतं ते.

३१ मार्च

हे दुकानात लिहिते आहे, नंबर लिहायच्या वहीतल्या कोऱ्या पानांवर. दार आतून लावलं आहे. दुपार आहे. तो समोर गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसला आहे. मीच त्याला तिथे बसवलं.

सकाळी तो गेल्यावर मी बाहेरची खोली झाडायला घेतली आणि वास आला. बोकड. जसाच्या तसा. मी हात हुंगले. साबण. सासूबाई खिडकी उघडायला उठल्या.

"आई, अजून येतो?"

"येतोच की. मी काय तेव्हा खोटं बोलत होते? तू नसलीस तरी येतो म्हटलं तर केवढी फणकारलीस. तो झोपतो तिथे येतो. आईने लेकाला काय म्हणायचं, म्हणून गप्प बसले."

मी त्याची उशी उचलली. मग खुंटीवरचा शर्ट घेतला. कॉलर. काखा. मी परवाच धुतलेला शर्ट. हसऱ्याचं वाक्य मला आठवलं, त्याच्या हसण्यासकट. पोटात गेली की घामातून बाहेर येते. मग एकेक गोष्ट येत गेली. सोनेरी काडी. या वेळचं मी बघतो. लवंग. थांबलेली दात कोरायची काडी. बोलले नाहीत ते.

मी चपला घातल्या. सासूबाई विचारत होत्या काय झालं. काय सांगणार?

तो एका बाईच्या नाकावर फ्रेम बसवत होता. मी ती बाई बाहेर पडेपर्यंत थांबले. मग दार लावलं.

"बाटली कुठे आहे?"

"कसली?"

"घोड्याची."

त्याने वाद घातला नाही. स्क्रूंच्या खणातून काढून दिली. अर्धी रिकामी. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"आज घेतलीस?"

"सकाळी."

"चक्कर आली त्या दिवशी?"

"त्या दिवशीही."

"साहेब परत मागायला आले तेव्हा काय सांगितलंस?"

"संपल्या म्हटलं." खण बंद करून म्हणाला, "पहिल्या बाटलीने काही झालं नव्हतं. नुसता वास. दुसरी त्यांनीच माणसाबरोबर पाठवली, तिने झालं. मला वाटलं, झाडाचं आहे, नळीला काय करणार. तुझी सही असते ना सगळ्यांवर."

मी त्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. काय मिसळलं आहे ते सांगितलं. त्याच्या खिशातली छोटी बाटली काढून माझ्या मुठीत घेतली. त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, नाव घेऊन, लाज न धरता. त्यांनी आधी विचारलं, आत्ता दुखतंय का? नाही. मग म्हणाले, उद्या ही वेळ होईपर्यंत जिभेखालची गोळी द्यायची नाही. दुखलं तर ताबडतोब इथे आणा आणि दारातच सांगा काय खाल्लंय. मग विचारलं, पांढरं निळसर दिसतं का त्यांना? गोळीच्या कागदावर लिहिलेलं असतं ते.

तो कागद मी कचऱ्यात टाकला होता. मला किळस आली होती म्हणून.

फोन ठेवला. बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं.

"तू त्या दिवशी म्हणालीस," तो म्हणाला. "तुला कळलंय असं वाटलं मला. मी हे घेतो ते."

"मला माझी येत होती. मला वाटायचं वास माझा आहे."

"तुझा?" त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "मग ते केस त्यासाठी कापलेस?"

"हो."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. तोंडातली लवंग काढून कागदात ठेवली.

मी म्हटलं, "ही बाटली आणि प्लेट घेऊन मी उद्या औषध खात्याच्या कचेरीत जाणार आहे. त्या दिवशी माझ्यादेखत खोकी गाडीत चढली. तुझ्यासारखी माणसं ती उघडतील. मी राजीनामा दिला, घर धुतलं आणि मला वाटलं झालं."

"बाटली कुठे मिळाली विचारतील."

"विचारणारच."

"काय सांगशील?"

"तू सांगशील ते."

तो तक्त्याकडे बघत राहिला. वरचं मोठं अक्षर, खाली लहान होत गेलेली. शिंप्याचं मशीन थांबलं, परत सुरू झालं.

"नवऱ्याच्या दुकानात मिळाली म्हणून सांग," तो म्हणाला. "मी पण येतो. तुझ्यासमोर ते माझ्याकडे बघतील. बघू दे."

"उद्या ही वेळ झाल्यावर जाऊ. त्याआधी तू कुठे हलायचं नाहीस."

"आणि आज दुखलं तर?"

"तर दवाखाना. दारातच सांगेन."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्याने मान हलवली. मग खुर्चीत मागे रेलला. मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले, इतक्या जवळ की वास सरळ येत होता. येऊ दिला. उठले नाही.

आत्ता त्याला विचारलं, भिंत कशी दिसते.

"पांढरी."

"खरं सांग."

"अजून जराशी निळी आहे."

मग बसते अजून, मी म्हटलं.